हत्ती काढून टाका

"त्या पोराला भूक लागलेली न्हाई," सरूबाई म्हणाली. "हे पयलं ल्ही."

मी लिहिलं नाही. बक्षिसाच्या पत्राची सुरुवात अशी करत नाहीत, एवढं मॅट्रिकला दोनदा बसून मला कळलं होतं.

लोणावळ्यातल्या ज्या बंगल्यावर मी राखणदार होतो, तिथं ती धुणीभांडी करायची. मालक मुंबईचे. ते शनिवारी आले की टीव्ही लागायचा आणि सरूबाई मोरीच्या दारातून बघायची. ढुमढुम बिस्किटाच्या जाहिरातीत एक गुबगुबीत पोरगा उड्या मारत यायचा, बिस्किट खायचा आणि हत्तीला ढकलून पाडायचा. हत्तीला बिस्किट मिळत नसे. कंपनीनं पेपरात छापलं होतं : जाहिरात कशी वाटली ते कळवा, उत्तम पत्राला वर्षभराची बिस्किटं.

सरूबाईचा नवसू सहा वर्षांचा होता आणि तिनाचा दिसायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी 'याला खायला घाला' असं सांगितलं होतं. हे औषध कुठल्या दुकानात मिळतं, ते सांगायचं राहून गेलं. पेज त्याच्या पोटात ठरत नव्हती, बिस्किट ठरायचं. मालकांच्या डब्यातली दोन-तीन मी दर आठवड्याला लांबवायचो, पण डबा काही बारमाही नव्हता.

"सरूबाई, थोडं गोड लिहू," मी म्हणालो. "जाहिरात सुंदर, हत्ती तर फारच सुंदर."

"त्यांनी इचारलंय न्हवं, कशी वाटली? मग खोटं का सांगायचं? त्यास्नी कळंल की."

"मुंबईच्या लोकांना?"

"त्यांना बी पोरं असतील."

मी कागद पुढं ओढला. मी लिहायला लागलो.

"भुकेलं पोर उड्या मारत न्हाई. बसतं. खाताना हसत न्हाई. हनुवटीखाली दुसरा हात धरतं. आन् खाऊन झालं की बोट थुकीनं वलं करून सांडलेलं टिपतं."

"आणि हत्तीचं काय?"

"हत्ती काढून टाका म्हनावं. भुकेल्या पोराला हत्ती दिसतोय व्हय?"

खाली तिनं अंगठा उठवला. कंपनीला इतकं ठसठशीत मत दुसरं गेलं नसेल.

उत्तर आलं नाही. आषाढ गेला. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी नवसू गेला. गावाबाहेर, औंढ्याच्या माळावर त्याच्या बापानं आणि मी खड्डा खणला. फार खणावं लागलं नाही.

दिवाळीला मालक पोराबाळांसकट आले. संध्याकाळी टीव्हीवर ढुमढुमची नवी जाहिरात लागली. तोच गुबगुबीत पोरगा, अंगात फाटका सदरा, पायरीवर बसलेला. हनुवटीखाली हात. खाऊन झालं, तसं त्यानं बोट ओलं केलं आणि पायरीवरचे कण एकेक टिपले. हत्ती नव्हता. म्हणजे पत्र पोचलं होतं.

"आता जमलंय," सरूबाई मोरीच्या दारातून म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मालकांच्या धाकट्याला ती जाहिरात फार आवडली. तो बिस्किट घेऊन गालिच्यावर बसला, हनुवटीखाली हात धरला, डोळे मोठे केले. सगळे हसले.

"सरूबाई, बघ! अस्संच ना?" त्यानं विचारलं.

ती पदराला हात पुसत आली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. त्याच्या हातात एक तुकडा उरला होता.

"ह्यो खायाचा न्हाई, बाळा. शेवटचा असा मुठीत धरायचा." तिनं त्याची बोटं एकेक करून मिटवली.

हे पत्रात नव्हतं. श्रावणात आम्ही नवसूला मातीत ठेवलं, तेव्हा त्याची उजवी मूठ काही केल्या उघडली नव्हती.

"कशाला?" पोरानं विचारलं.

"उद्याला."

तो दोन मिनिटं मूठ मिटून बसला. मग त्याला कंटाळा आला. सरूबाई तोवर राख घेऊन भांड्यांशी गेली होती.