बेहड्याच्या ढोलीतली बाळंतीण

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, पण नावानं ओळखत नसाल. राखी पंखांची, मोठ्या वाकड्या चोचीची धनेशाची मादी आहे मी. आता म्हातारी झाले. राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवणे गावाच्या वरच्या रानात माझा जन्म झाला. तेव्हा रान इतकं सलग होतं, की या डोंगरावरून त्या डोंगरावर जाताना झाडांची सोबत कधी सुटत नसे.

भोर संस्थान विलीन झालं आणि काही वर्षांत रानात कोळशाच्या भट्ट्या लागल्या. पुण्याच्या शेगड्यांसाठी ऐन, किंजळ, जांभळी आडव्या होऊ लागल्या. रानाचे तुकडे पडले. मधे नुसता उघडा उतार आणि त्यावर एकटा उरलेला उंबर.

अशाच एका उन्हाळ्यात मी बेहड्याच्या ढोलीत अंडी घातली. आमची रीत निराळी. मादी आत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि चोचीपुरती भेग ठेवते. आत तिची पिसं झडतात, उडता येत नाही. नर बाहेरून फळं आणून भरवतो. पिल्लं निघाली तशी भूक वाढली. पण जवळची फळांची नांदरुकं तुटली होती, एकटा उंबर पुरत नव्हता. पलीकडच्या रानात जाऊन यायला माझ्या जोडीदाराला फार वेळ लागे. धाकटं पिल्लू उपासानं गेलं. दोन उरली.

एका सकाळी बुंध्यावर कुऱ्हाड बसली. सगळी ढोली हादरली. मी पिल्लांवर पसरले. दुसरं काय करणार?

"आरं, थांब!" बाईचा आवाज आला. धनगरवाड्यातली सोजराबाई शेरडं घेऊन वर आली होती.

"मावशी, बाजूला व्हा. झाड अंगावर यील," लाकूडतोड्या सावळाराम म्हणाला.

"वर बघ की! त्यो नर चोचीत उंबर धरून कवाचा घिरट्या घालतोय. आत बाळंतीण हाय रं."

"मुकादम मला कामावरनं काढंल."

"मग बोलाव त्याला. तवर म्या हितनं हलत न्हाई." आणि ती बुंध्याला टेकून बसलीच.

मुकादम तणतणत आला. तेवढ्यात माझा जोडीदार धीर करून भेगेशी उतरला. मी चोच पुढे केली, त्यानं उंबराचं फळ दिलं. मुकादमानं ते पाहिलं आणि सावळारामाला कुऱ्हाड खाली ठेवायची खूण केली.

"ऱ्हाऊ द्या ह्ये झाड," तो शेवटी म्हणाला.

"आन् उतारावरचा उंबर? त्यो तोडला तर ही खातील काय?"

"मावशी, आता समदं रानच मागाल तुमी!" तो हसला. पण उंबरही राहिला.

पुढे माझी पिसं भरून आली. मी भिंत फोडून बाहेर पडले, मागोमाग पिल्लंही. रान पुरेना, म्हणून पलीकडे जायचं ठरलं. थोरलं सहज गेलं. दुसरं मात्र अर्ध्या उतारावर दमलं, खाली खाली येऊ लागलं. वर ससाणा फिरत होता. पिल्लानं कशीबशी त्या उंबराची फांदी गाठली आणि पानांत दडलं. ससाणा निघून गेला. मग ते पुन्हा उडालं, समोरच्या गर्द रानात शिरलं. तिकडून त्याची साद आली, तेव्हा कुठे माझ्या जिवाचा घोर मिटला.

मित्रांनो, तुम्हालाही लाकूड लागतं, हे मला कळतं. पण दोन रानांच्या मधली सगळीच झाडं नेऊ नका. मधे एक झाड जरी राहिलं, तरी दमलेल्या पिल्लाला डोंगर ओलांडता येतो.