सतरावा फर्मा

सुनंदाताईंनी वाचनाच्या ग्रुपवर मेसेज टाकला तेव्हा भामा हैदराबादच्या कोठी भागातल्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवत होती. ‘यंदा काही जणांचे आकडे अविश्वसनीय वाढले आहेत. तेव्हा डिसेंबरच्या बैठकीत प्रत्येकाला वाचलेल्या पुस्तकांवर एकेक प्रश्न विचारला जाईल. प्रामाणिक वाचकांना भीतीचं कारण नाही.’ खाली हात जोडलेली खूण.

काही जणांचे म्हणजे कुणाचे, हे सगळ्यांना कळत होतं. ग्रुपमध्ये एकोणीस माणसं. प्रत्येकाने जानेवारीत वर्षाचा आकडा जाहीर करायचा आणि पुस्तक संपलं की शीटमध्ये नाव, पानं, तारीख आणि दोन ओळी अभिप्राय भरायचा. सुनंदाताई पुण्याहून आलेल्या, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. सहा वर्षं त्यांचा पहिला नंबर कुणी हलवला नव्हता. यंदा नोव्हेंबर उजाडला तेव्हा त्यांची छत्तीस झाली होती आणि भामाची अडतीस.

भामा हैदराबादचीच. आजोबा निजामाच्या काळात नांदेडकडून आले ते इथेच राहिले. ती शिकली तेलुगूत आणि इंग्रजीत. मराठी होती ती फक्त घरात बोलण्यापुरती. वाचायला ती शिकली चाळिशीनंतर, हट्टाने, दुकानांच्या जुन्या पाट्या आणि दिवाळी अंक वाचून. चार वर्षांपूर्वी सुलतान बाजारच्या वाचनालयात ती पहिल्यांदा बैठकीला गेली. एक उतारा वाचायची तिची पाळी आली. जोडाक्षरांना अडखळत तिने दीड परिच्छेद वाचला असेल-नसेल, तोच सुनंदाताईंनी तिच्या हातातून पुस्तक काढून घेतलं.

“वेळ जातोय गं,” त्या म्हणाल्या आणि पुढचं स्वतः वाचू लागल्या.

त्या दिवशी चहाच्या वेळी भामा कुणाला तरी म्हणाली, “मी सध्या एक कादंबरी वाचायलेय.” मागून आवाज आला, “वाचायलेय नव्हे. वाचतेय.” चारजणी हसल्या. भामाही हसली. घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं, “या बाईला मी एक दिवस खाली उतरवते का नाही बघ.”

हा मेसेज वाचून मात्र ती घाबरली नाही. उलट तिला बरं वाटलं. कारण तिच्याकडे एक गोष्ट होती आणि ती तिने महिनाभर कुणाला सांगितली नव्हती.

ऑगस्टमध्ये तिने वाचनालयातून एक कादंबरी आणली होती. तालुक्याच्या गावातला एक डॉक्टर, त्याची बायको, म्हातारे वडील, लग्नाला आलेली बहीण. दोनशे छप्पन्नाव्या पानावर बहिणीच्या लग्नाचा मांडव उभा राहतो. पान उलटलं तर पुन्हा दोनशे एक्केचाळीस. पुस्तक बांधणाऱ्याने एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा जुडगा, दोनदा घातला होता आणि पुढचा, सतरावा, घालायचाच विसरला होता. सोळा पानं गायब. दोनशे त्र्याहत्तरावर कादंबरी पुन्हा सुरू होते तेव्हा घरात दहावा असतो, सगळे रडत असतात, आणि मेलं कोण ते शेवटपर्यंत नाव घेऊन कुणी सांगत नाही. भामा वैतागली होती. तिने ते वाचनालय सांभाळणाऱ्या मुकुंदरावांना दाखवलं. ते म्हणाले, “अरे! आत्तापर्यंत कुणी बोललं नाही. आपल्याकडे हीच एक प्रत आहे.”

ऑक्टोबरात शीटवर सुनंदाताईंची नोंद आली. तीच कादंबरी. पानं ३१२. अभिप्राय: ‘शेवटपर्यंत खिळवून ठेवते. एकही धागा सुटत नाही.’

भामाने ती ओळ तीनदा वाचली. मग मुकुंदरावांना फोन करून विचारलं, पुस्तक कोणी नेलं होतं. सुनंदाताईंनीच. मुकुंदराव म्हणाले, “काय झालं?” ती म्हणाली, “काही नाही. उगी विचारलं.”

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये बैठक भरली. खाली बाजारात गर्दी, रिक्षांचे हॉर्न वरपर्यंत येत होते. मृण्मयी लॅपटॉप घेऊन बसली होती. ती सॉफ्टवेअरमधली, शीट तीच सांभाळायची. सुनंदाताई कागदांचा गठ्ठा घेऊन टेबलामागे. त्यांनी आधी इतरांना सोपे सोपे प्रश्न विचारले, हसतखेळत. मग म्हणाल्या, “आता भामा.”

“आधी मी एक विचारू का तुम्हाला?” भामा उभी राहिली. “नियम सगळ्यांना सारखा आहे ना?”

“विचार की.”

“ती डॉक्टरची कादंबरी. शेवटी घरात दहावा असतो. कोण मेलं?”

सुनंदाताईंनी चष्मा सारखा केला. “असा काय प्रश्न? अर्थात डॉक्टर. तीच तर शोकांतिका आहे.”

“शेवटच्या पानावर डॉक्टर गाडी चालवत दवाखान्यात जातो,” भामा म्हणाली. “मेलेला माणूस.”

कुणीतरी फसकन हसलं. भामाने पिशवीतून कादंबरी काढली, गायब फर्म्याच्या जागी उघडून टेबलावर आदळली. “हे बघा. सोळा पानं नाहीतच यात. वाचलं असतं तर दिसलं असतं. एकही धागा सुटत नाही म्हणे! ताई, इथे आख्खा फर्मा सुटलाय.”

मुकुंदराव म्हणाले, “भामाताई, हळू.”

“काहून हळू? यांनी कधी हळू घेतलं? मला अडखळताना बघून माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं होतं यांनी. सगळ्यांसमोर.”

“मी?” सुनंदाताईंच्या चेहऱ्यावर खरोखरचं नवल होतं. “कधी?”

त्यांना आठवतच नव्हतं. भामाच्या अंगाची आग झाली. चार वर्षं ती जे उराशी धरून बसली होती, त्याची त्या बाईला खबरही नव्हती.

सुनंदाताई मात्र आता सावरल्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज वर्गातला. “ठीक आहे. माझी एक नोंद खोटी. पुसा ती, मृण्मयी. आता तुझी पाळी. एकतिसावं पुस्तक. त्या परिचारिकेचं आत्मचरित्र. नोकरीवर जाताना ती मुलीला कुणाकडे ठेवून जाते?”

भामाने तोंड उघडलं. पुस्तकाचं हिरवं मुखपृष्ठ तिला दिसत होतं. अमीरपेटला मेट्रोत गर्दी झाली तेव्हा तिने उभ्याने शेवटचं पान संपवलं होतं, तेही आठवत होतं. एकशे अठ्ठ्याऐंशी पानं. पण मुलगी? त्या बाईला मुलगी होती?

“वाचलंय मी ते,” ती म्हणाली.

“मग सांग ना.”

“देवाशप्पथ वाचलंय. अक्षर न् अक्षर.”

“एकशे अठ्ठ्याऐंशी पानं, दोन दिवस,” मृण्मयीने पडद्यावरून हळूच वाचलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, पण ते तसंच ऐकू गेलं.

“शेजारणीकडे,” भामाने अंदाजाने ठोकलं.

“मुलगी तिसऱ्याच प्रकरणात मरते. पुस्तक तिलाच अर्पण केलंय,” सुनंदाताई म्हणाल्या. “ते मी वाचलंय. फार वर्षांपूर्वी, आकडे मोजत नव्हते तेव्हा.”

भामाने भोवती पाहिलं. मघाशी सुनंदाताईंकडे ज्या नजरेने बघत होते, त्याच नजरेने सगळे आता तिच्याकडे बघत होते. मी खोटी नाही, तिला ओरडावंसं वाटलं. मी खरंच वाचलं. पण काय वाचलं, ते तिचं तिलाही सांगता येत नव्हतं. तिने पिशवी उचलली आणि जिना उतरली.

मेट्रोत बायकांच्या डब्यात ती शिरली आणि दार बंद होता होता सुनंदाताईही आत आल्या. दोघींनाही कुकटपल्लीलाच जायचं. भामाने पाठ फिरवली. दोन-तीन स्टेशनं गेली. नामपल्लीनंतर गर्दी विरळ झाली तशा सुनंदाताई येऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

“समाधान झालं?” त्यांनी विचारलं.

“तुमचं?”

“दोन वर्षांत मला एकही पुस्तक आवडलेलं नाही,” सुनंदाताई खिडकीकडे बघत म्हणाल्या. “वीस पानं झाली की कंटाळा येतो. पण आकडा खाली आला की लोक फोन करून विचारतात, बऱ्या आहात ना. म्हणून मलपृष्ठावरचा मजकूर वाचून शीट भरते.”

“मला कशाला सांगताय?”

“दया कर म्हणून नाही सांगत.” त्या वळल्या. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. “तुझंही असंच होणार, माझ्यापेक्षा लवकर. बघशील. झालंच आहे.”

“तुमच्यासारखी मी खोटं लिहीत नाही.”

“हो. तू खरं लिहून रिकामी राहिलीस. लेखनही अजून शुद्ध नाही तुझं, अभिप्रायात ऱ्हस्व-दीर्घ बघ एकदा.”

भामाचा हात उठला होता. समोरच्या बाईने पोराला जवळ ओढलं. भामाने हात वरच्या कडीला लावला आणि कुकटपल्ली येईपर्यंत तो तसाच ठेवला. फलाटावर दोघी दोन जिन्यांनी उतरल्या.

त्या रात्रीच ती ग्रुपमधून बाहेर पडली. तिच्या मागोमाग आणखी सहा जण. जानेवारीत मृण्मयीचा फोन आला. सुनंदाताईंनी नवा ग्रुप काढलाय, आकडा लावलाय बावन्नचा, अकरा जण गेलेत.

“आणि तू?” भामाने विचारलं.

“मी पण,” मृण्मयी ओशाळून म्हणाली. “शीट कुणीतरी सांभाळायला पाहिजे ना.”

“सांभाळ,” भामा म्हणाली आणि फोन ठेवला.

मार्चपर्यंत तिने पुस्तकाला हात लावला नाही. मग एका सकाळी मेट्रोत तिने एक पातळ पुस्तक उघडलं. बाळानगर ते अमीरपेट सात पानं झाली. सवयीने सातचा आकडा मनात आला आणि त्याच्यामागे सुनंदाताईंचा आवाज: झालंच आहे. तिने दात आवळले. त्या बाईवरचा राग तसूभर कमी झाला नव्हता आणि व्हावा असंही तिला वाटत नव्हतं. ती पहिल्या पानावर परत गेली, अंगठा ओळीखाली धरला आणि शेजारचीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, अडखळत, वाचायला लागली.