मास्तरांचा दोनचा आकडा

विस्टिन सायलाला हाल-सामूत नावाचं त्याचं गाव मास्तर म्हणायचं, वर्तमानपत्रं पक्षाध्यक्ष म्हणायची आणि बिशपचा वाडा काहीच म्हणायचा नाही. वाड्याने दोन वर्षांपूर्वी एका पत्रकात त्याचं नाव एकदाच छापलं, आणि तेवढं पुरलं. चर्चच्या दाराआत पाऊल नाही, पापाची कबुली नाही, प्रसाद नाही, आणि मेल्यावर दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागा नाही. भिंतीबाहेर एक खडकाळ तुकडा होता. गाव तिथे फुटकी मडकी आणि मेलेली खेचरं टाकायचं. बहिष्कृतांनाही तिथेच, आणि पापाची क्षमा न मिळता गेलेल्यांनाही.

एवढं काय केलं होतं त्याने? एक कादंबरी लिहिली, तिच्यात एक पाद्री जरा जास्तच जेवताना दाखवला. आणि दिव्याचा पक्ष काढला. पक्षाचं मागणं एकच: प्रत्येक गावात चौदा वर्षांपर्यंत शाळा, आणि शाळेच्या चाव्या पाद्र्याकडे नकोत. आता चाव्यांना हात लावला की लोकांना लगेच देव आठवतो, यात नवल ते काय! मास्तरची नोकरी गेली, कादंबरी वाचनालयाच्या कपाटातून गेली, आणि घर फिलुमेनाच्या लेस विणण्यावर चालू लागलं.

फिलुमेना म्हणजे त्याची बायको. कुरकुरणाऱ्यातली नव्हती ती. तिला जगात एकच गोष्ट हवी होती. भिंतीच्या आत, सरूच्या झाडाखाली त्यांची निनेत्ता होती, युद्धाच्या साली तापाने गेलेली, नऊ वर्षांची. शेवटी तिघांनी एका जागी असावं, एवढंच तिचं मागणं. आणि विस्टिनकडे वेळ थोडा होता. डॉक्टरने छातीला नळी लावली आणि बोलायच्या आधी खिडकीबाहेर बघितलं, तेव्हाच त्याला कळलं होतं. वाट एकच होती. सभागृहात निवडून गेलेल्या माणसाशी वाडा बोलतो, तडजोड करतो, पत्रक मागे घेतो. दोघांच्या बाबतीत तसं झालेलं त्याने पाहिलं होतं. रस्त्यावरच्या माणसाशी वाडा कशाला बोलेल? म्हणून बासष्ट सालच्या फेब्रुवारीत, दोनदा आपटी खाऊनसुद्धा, तो तिसऱ्यांदा उभा राहिला.

तिथल्या मतदानाची रीत अशी, की उमेदवारांच्या नावांपुढे आपल्या आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. आधी फक्त एक मोजतात. कोणाचा कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, पुरा झाला नाही, तर सगळ्यात कमी एकवाल्याला बाहेर काढतात आणि त्याच्या कागदांवरचे दोन बघून ते इतरांना वाटतात. कोणाला कोट्यापेक्षा जास्त पडले, तर वरच्या मतांचेही दोन बघतात. बाकीचे दोन मिटलेले ते मिटलेलेच. विस्टिनने यावर सोळा पानांचं चोपडं लिहून बेटभर वाटलं होतं.

प्रचाराला तो आणि नार्दु घरोघर फिरले. नार्दु गावचा न्हावी, पक्षाचा चिटणीस, खजिनदार आणि गर्दी, सगळं तोच. प्रत्येक घरात लवंग घातलेली कॉफी आली, तीळ लावलेली बिस्किटं आली, आणि दाराशी निरोप घेताना बाई हळूच म्हणायची, "मास्तर, दोन तुम्हालाच." घरामागून घर, दोन. नार्दु चिडला. दोन घेऊन काय लोणचं घालायचंय का, म्हणाला. विस्टिन हसला. दुन सवेरने, म्हणजे गावच्या पाद्र्याने, वेदीवरून सांगितलं होतं की दिव्यापुढे जो एक घालेल त्याचं पाप प्राणांतिक, त्याला क्षमा नाही. मग दारात कोण एक म्हणेल? भिंतीला कान असतात. तोंडावर दोन म्हणतात, आत गेल्यावर एक देतील, असं विस्टिनने नार्दुला समजावलं. स्वतःलाही समजावलं. या माणसांना तो तीस वर्षं ओळखत होता, आणि शहाणा माणूस चुकतो तो असा, ओळखीच्या माणसांत.

मोजणी शनिवारी सकाळी राजधानीत, वॅलेटातल्या जुन्या दालनात. मधे तारेची जाळी. आत मोजणारे, बाहेर पक्षांची माणसं जाळीला नाक लावून. हाल-सामूतच्या पेट्या अकराच्या सुमाराला उघडल्या. नार्दु पुढे होता. त्याने मागे हात करून विस्टिनची बाही धरली आणि सोडेचना.

जवळजवळ प्रत्येक कागदावर सायलापुढे दोन होता. आणि तो दोन कसला, मास्तरांचा दोन! वरून बाकदार मान आणि खाली एक ठसठशीत आडवी रेघ. बारा वर्षं संध्याकाळच्या वर्गात त्याने गावच्या बायकांना अक्षरं आणि आकडे शिकवले, ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर, फुकट. रेघ मारा म्हणजे कोणी बदलणार नाही, असं तोच सांगायचा. पहिली विद्यार्थिनी फिलुमेना. आता यातला तिचा कुठला हे त्यालाही सांगता आलं नसतं. बायकांनी घरी नवऱ्यांना आणि पोरांनाही तसंच शिकवलं असणार. सहाशेच्या आसपास कागद, आणि सगळ्यांवर त्याचंच वळण.

एक मात्र सगळ्या मतदारसंघात मिळून अकरा. त्यातला एक त्याचा, एक नार्दुचा, नऊ गोदीतल्या माणसांचे, ज्यांनी लहानपणापासून कबुलीजबाबाचं तोंड पाहिलं नव्हतं. पहिल्या फेरीत कोटा कोणाचाच पुरा झाला नाही. उमेदवारांत डॉक्टर त्सेराफा सगळ्यांत पुढे, तोही दोनशेने कमी. म्हणून सगळ्यात खालचा माणूस बाहेर, आणि सगळ्यात खालचा विस्टिन सायला. त्याचे अकरा कागद एका कारकुनाने मिनिटभरात इतरांच्या गठ्ठ्यांत वाटून टाकले. सहाशे दोन दुसऱ्यांच्या गठ्ठ्यांत रबर लावून पडले होते. आता ते कोणी उघडलेच तरी त्याचं नाव ओलांडून पुढे जाणार. गेलेल्या माणसाच्या नावावर मत चढत नाही. बारा वाजायच्या आत दिव्याचा पक्ष विझला.

नार्दु रडला, उघड, रुमाल न काढता. विस्टिन म्हणाला, तू थांब, मी घरी जातो, आणि बसमध्ये बसला. वाटभर त्याच्या डोक्यात एकच: का? त्यांनी मला तोंडावर नको म्हणायचं होतं. शिव्या द्यायच्या होत्या. सगळ्या गावाने ठरवून दोन का दिला?

घरी फिलुमेना चर्चला जाताना डोक्यावरून घ्यायचा काळा झगा खांद्यावर घेऊन तयार उभी होती. शनिवारची दुपार कबुलीची. चुलीवर पापडीच्या ओल्या दाण्यांचं सार होतं, ताजं चीज घातलेलं, त्याच्या आवडीचं. त्याने टोपी काढायच्या आत तिने विचारलं, "किती दोन आले?"

त्याने टोपी तशीच ठेवली. "दोन आले हे तुला कोणी सांगितलं?"

"मला कोण सांगणार? मीच तर फिरले," ती म्हणाली. आणि मग, लेस विणताना बोलावं तसं सावकाश, सगळं सांगितलं. महिन्याभरापूर्वी ती कबुलीच्या जाळीशी गुडघे टेकून बसली आणि तिने दुन सवेरला विचारलं, एक घातला तर नरक, पण दोन घातला तर? दुन सवेर म्हणाला, एक चांगल्या ख्रिस्ती माणसाला दिला असेल, तर दोनचं पाप लहान, कबूल केलं की धुऊन निघतं. दुन सवेरला मतमोजणी कळत होती की नाही, देव जाणे. फिलुमेना तिथून उठली ती दारोदार गेली. एक देऊन मास्तरांसाठी नरकात जायला कोणी तयार नव्हतं, आणि तिचं त्यांच्याशी भांडणही नव्हतं. पण धुऊन निघणारं पाप करायला अख्खं गाव एका पायावर तयार झालं.

"आणि एक कोणाला दिले?" विस्टिनने विचारलं.

"तेही मीच वाटून दिले. डॉक्टर त्सेराफाला थोडे, नोटरीला थोडे, त्या औषधवाल्याला थोडे. सगळे एकालाच गेले असते तर तो तुला जड झाला नसता का?"

विस्टिन खुर्चीवर बसला. सगळे त्सेराफाला गेले असते, तर त्सेराफा कोट्यावर दोनशेने चढला असता, वरच्या मतांचे दोन बघितले गेले असते, आणि विस्टिन सायला निदान शर्यतीत तरी राहिला असता. बायकोने त्याच्यासाठी अक्कल लढवली आणि नेमकी तीच नडली.

त्याला ओरडायचं होतं. कोणावर ओरडणार? सोळा पानं त्याने बेटभर वाटली. नार्दुला मीठ आणि बटाटे मांडून कोटा समजावला. परक्या गावात फळ्यावर आकृत्या काढल्या. पण या टेबलाशी, या बाईला, एकदाही नाही. ती काय, घरचीच! म्हणतात ना, दिव्याखाली अंधार. स्वतःची इतकी चीड त्याला आयुष्यात कधी आली नव्हती.

"झालं ना तुझं काम?" तिने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याने निनेत्ता गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"मोजणी चालू आहे," तो म्हणाला. खोटं. पण ते खोटं त्याच्या तोंडून निघाल्यावर त्याला परत घेता येईना.

ती म्हणाली, मी पाप धुऊन येते, तू दारापर्यंत चल. तो गेला. चर्चच्या आत त्याला बंदी, पायऱ्यांवर नव्हती. तो खालच्या पायरीवर बसला. थोड्याच वेळात गल्लीगल्लीतून बायका येऊ लागल्या, काळ्या झग्यांत, एकटीदुकटी, मग घोळक्याने. सगळ्या दोनची कबुली द्यायला. त्याच्याजवळून जाताना प्रत्येकीची चाल मंदावायची.

"दिला हं मास्तर," पहिली म्हणाली.

"उपकार झाले," तो म्हणाला.

दुसरीने सांगितलं की रेघ मारायला ती विसरली नाही. एका म्हातारीने विचारलं, मान वाकडी आली तर चालतं ना? चालतं, तो म्हणाला, चालतं. सगळ्यांचे त्याने आभार मानले, नावं घेऊन, कारण सगळ्यांची नावं त्यानेच त्यांना लिहायला शिकवली होती. निकाल कोणालाच ठाऊक नव्हता. तो संध्याकाळच्या बसने आपोआप येणारच होता.

फिलुमेना बाहेर आली. उजळलेली यायला हवी होती, पण ओठ घट्ट मिटलेले. त्याच्याशेजारी बसली.

"काय झालं?"

"नाही दिली क्षमा."

"दोनचं पाप लहान म्हणाला होता ना?"

"लहानच म्हणाला. तीनदा नमो मारियाची प्रार्थना म्हण, म्हणाला, आणि पुन्हा असं करणार नाही म्हणून वचन दे. बाकीच्यांनी दिलं." ती झग्याची किनार बोटाने सरळ करत राहिली. "मी म्हटलं, माझा नवरा पुन्हा उभा राहिला तर मी पुन्हा करीन. तुमच्यासमोर कसं खोटं बोलू, फादर? मग त्याने जाळीची खिडकी लावून घेतली."

समोर, घरांच्या छपरांवरून दफनभूमीतल्या सरूचा शेंडा दिसत होता. निनेत्ताजवळच्या दोन जागांपैकी एक आज दुपारी बाराला गेली होती. दुसरी या बाईने आत्ता आतमध्ये हातची घालवली होती, आणि तीही त्याच्यासाठी, मिटूनच राहिलेल्या एका आकड्यापायी. उरलंसुरलं आयुष्य आणि तीन निवडणुका, दोन्ही एकदमच संपल्याचं त्याला कळलं. छातीत कळ आली. त्याने ती येऊ दिली आणि जाऊ दिली.

"फिलुमेना," तो म्हणाला, "परत आत जा."

"नाही देणार तो."

"देईल. सांग त्याला, माझा नवरा पुन्हा उभा राहणार नाही. मग वचन दे. खोटं होणार नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आधी तिला कळलं नाही. मग कळलं. तिने विचारलं नाही, किती कमी पडले म्हणून. फक्त एवढं म्हणाली, "माझा दोन मोजला होता ना त्यांनी?"

"पहिलाच," विस्टिन म्हणाला.

तिने झगा डोक्यावर ओढला, त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि पायऱ्या चढून गेली. या वेळी तिला आत फार वेळ लागला नाही.