पाहुणी होडी

दीपमालानं तिसरं परिपत्रक टेबलावर सरळ केलं आणि त्यावर पेपरवेट ठेवला. खिडकीबाहेर टेम्पोत एक निळी होडी दोरानं आवळलेली होती. धरणाकाठच्या या चौकीत होड्यांचा कर घ्यायचं काम तिचं. पण बाहेरगावाहून हौसेनं आणलेल्या होडीला कर किती, हे तीन कागद तीन तऱ्हांनी सांगत होते.

समोर सांगलीचे गुंडाआप्पा टोपी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या बायकोचं, मनुबाईचं माहेर याच पाण्याखाली गेलेलं. बुडालेल्या गावावर होडी न्यायची आणि वरूनच तिथल्या देवीची ओटी भरायची, एवढ्यासाठी दोघं आले होते. भाड्याच्या होडीतून माहेरी जायचं नाही, हा मनुबाईचा हट्ट.

गेल्या वर्षी एका चुकलेल्या पावतीपायी दीपमालाला वरून नोटीस आली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिनं पहिल्या कागदातली ओळ वाचून दाखवली: आधी साताऱ्याचा परवाना, मग कर. आज शनिवार, साताऱ्याचं ऑफिस बंद. आणि सोमवारी सांगलीत मनुबाईचं डायलिसिस.

"कर आत्ता भरतो की. दुप्पट घे."

"आवं आप्पा, नियमच हाय तसा. माज्या हातात काय न्हाई."

मनुबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीला धरून आत आली आणि खण, नारळ, तांदळाची पुरचुंडी तिनं टेबलावर ठेवली.

"पोरी, तू हितलीच हायस. दुपारच्याला मधी जाऊन सोडशील? देवी वाट बगत आसंल."

दीपमालानं होकारार्थी मान हलवली. टेम्पो गेला. ओटी तिनं ड्रॉवरमध्ये ठेवली आणि मग पावत्यांच्या गर्दीत ती राहूनच गेली.

तीन वाजता कागद फायलीला लावताना तिसरं परिपत्रक उलटं झालं. मागं चार ओळी होत्या. हौसेची होडी सात दिवसांत परत जाणार असेल, तर कर नाही, परवानाही नाही. साधं पान उलटायचं, तेवढंही तिच्यानं झालं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. रजिस्टरमधला नंबर शोधून तिनं फोन लावला.

ते कराडच्या पुढं जेवायला थांबले होते. उद्या रविवार, बोलावलं तर येऊ शकले असते. ती तोंड उघडणार, तोच गुंडाआप्पा बोलले.

"बरं झालं फोन केलास. ही लय दिसांनी पोटभर जेवली बग. म्हनती, ओटी पोचली, आता मी मोकळी झाले. सोडलीस न्हवं?"

ड्रॉवर अर्धा उघडा होता. पुरचुंडीतले तांदूळ पावतीपुस्तकावर सांडले होते.

"व्हय आप्पा. सोडली."

मागून मनुबाईचा आवाज आला. "पानी शांत हुतं का गं?"

दीपमालानं खिडकीतून पाहिलं. सकाळपासून वारा सुटला होता आणि लाटा काठावर आपटत होत्या.

"लय शांत हुतं, आई," ती म्हणाली, आणि आवाज होऊ न देता ड्रॉवर लावला.