अंगण वाकडंच होतं

मी क्यू बोलतोय. पूलच्या टेबलावर पांढऱ्या बॉलला मारायची लांब काठी. कुठल्या झाडाचा, कुठल्या कारखान्यातला, काही आठवत नाही. जाण आली ती जळगावात, रतिलालभाऊंच्या हॉलमध्ये. तिथे शहाणे फार येतात. हरले की मला डोळ्याशी धरून म्हणतात, "काठीच वाकडी आहे." मी सरळ आहे. आजही.

स्नेहलने मात्र मला कधी नावं ठेवली नाहीत. कॉलेज सुटलं की ती यायची. मोबाइलवर बघून तिने नेम धरायची एक रीत शिकली होती. जो बॉल पाडायचा, त्याला मागून चिकटून आणखी एक बॉल आहे असं मनात धरायचं आणि पांढरा बॉल थेट त्या नसलेल्या बॉलच्या जागी पाठवायचा. तिला तो दिसायचा. तिच्या हनुवटीखाली राहून मलाही दिसू लागला.

तरी हळू मारलेला बॉल भोकाच्या कडेला आपटून परत यायचा.

"भाऊ, टेबल एका बाजूला उतरतंय का?" तिने विचारलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" रतिलालभाऊ हसले. "तुनी नजर वाकडी शे, पोरी. हळू मारताना केसभर उजवीकडे धर."

सगळा हॉल हसला. ती तसं धरू लागली आणि बॉल पडू लागले. मला संताप आला, पण काठीच्या संतापाला कोण विचारतं?

हॉल काळ्या मातीवर बांधलेला. उन्हाळ्यात माती भेगाळते, फरशी खचते, टेबल डावीकडे झुकतं. बाहेरचा कुणी खेळायला आला की भाऊंचे नेहमीचे गडी त्याच उतारावर त्याला हरवायचे. म्हणून टेबलाच्या पायाखाली पाचर घालायचं भाऊ टाळत.

धुळ्याला निवडस्पर्धा लागली. स्नेहलचे वडील मोतीलाल म्हणाले, "निवड झाली तर खेळ. नाहीतर हा नाद आजपासून बंद."

ती मला घेऊन गेली. छान खेळली, सगळं जोरात मारून. शेवटी काळा बॉल उरला. तो हळूच ढकलायचा होता. तिने नेम धरला. अगदी बरोबर. मग तिला भाऊंचं बोलणं आठवलं आणि तिने मला केसभर उजवीकडे सरकवलं.

धुळ्याचं टेबल सपाट होतं.

निवड हुकल्यावर मला परत करायला ती जळगावच्या हॉलवर आली. पांढरा बॉल टेबलाच्या मधोमध ठेवला आणि हात काढून घेतला. बॉल आपणहून डावीकडे घरंगळत गेला.

"भाऊ, हे काय?"

"हाई तं बठ्ठासले माहीत शे," मोबाइलमधून मान वर न करता भाऊ म्हणाले.

"सगळ्यांना? मला नव्हतं माहीत," ती म्हणाली. मला कोपऱ्यात टेकवलं आणि गेली. पुन्हा आली नाही.

आता भाऊ मला शटरच्या कडीत अडकवून शटर खाली ओढतात. माझं टोक चेचलंय. चेचू दे. तुम्हाला एवढंच सांगतो, कुणाच्या नजरेला नावं ठेवण्याआधी टेबलावर एक बॉल ठेवून बघा.

आणि स्नेहल कुठे भेटलीच तर तिला सांगा, तिचा पहिला नेम बरोबर होता.