रूलीच्या दारातलं सामान

हिवाळ्यानं हिवाळ्यासारखं वागावं, एवढीच माझी अपेक्षा असते. पण यंदा अर्धा जानेवारी सरला तरी आमच्या कालव्यांवर बर्फाचा पापुद्रासुद्धा धरला नव्हता. वारा नाही, गारठा नाही, आभाळ नासलेल्या दुधासारखं. लोक कोटाची बटणं उघडी टाकून हिंडत होते आणि एकमेकांना ‘काय छान दिवस पडलाय’ म्हणत होते. मला ती कोमट हवा कुणीतरी आधी वापरून सोडल्यासारखी वाटत होती.

“चल गं हिस्के, जरा चक्कर मारून येऊ,” डाउवे म्हणाला. “सावकाश. घाई नाही कसली.”

डाउवे माझा नवरा. त्याच्या सायकलीला मागे दोन्ही बाजूंनी मोठ्या पिशव्या अडकवलेल्या दिसल्या तेव्हाच मी काय ते ओळखलं. दुसऱ्या दिवशी पूर्वेकडच्या वस्त्यांमध्ये नगरपालिकेची गाडी जुनं सामान उचलायला येणार होती. लोक आदल्या दिवशीच सगळं काढून फुटपाथवर मांडतात, आणि माझ्या नवऱ्यासारखे लोक ते उकरत फिरतात.

पहिल्याच वस्तीत माझा जीव विटला. नव्या वर्षाच्या फटाक्यांचा लाल लगदा अजून गटारीशी चिकटून होता. नाताळची झाडं कोपऱ्याकोपऱ्यावर आडवी पडली होती, आणि त्यातल्या एकावर कुत्रा पाय वर करून उभा होता. त्याची मालकीण मला हसून ‘नमस्कार’ म्हणाली. पुढच्या वस्तीत घरं नवी, पण अंगणात प्लॅस्टिकचं गवत. एक माणूस चक्क व्हॅक्यूम क्लीनर घेऊन ते साफ करत होता.

“बघ, बघ! गवत झाडतोय!”

“झाडू दे की,” डाउवे म्हणाला. “तुझ्या घरचं झाडतोय का?”

तो पेडल मारत नव्हताच, नुसता तरंगत चालला होता. एका ढिगाशी थांबून त्यानं उभा दिवा उचलला, त्याची कापडी छत्री हुंगून पाहिली आणि पिशवीत घालायला लागला.

“ठेव ते. कुणाच्या कसल्या खोलीतलं असेल देव जाणे.”

“दिवा आहे गं. दिव्याला काय होतंय?”

“मला शिसारी येते.”

“तुला माझ्या आईच्या खुर्चीचीसुद्धा शिसारी यायची,” तो म्हणाला, आणि दिव्याचा दांडा पिशवीत गेला.

मला पुढच्या वस्तीचे वेध लागले होते, कारण तिथे रूलीचं घर होतं. रूली माझी शाळेपासूनची मैत्रीण. दर गुरुवारी आम्ही दोघी सायकलवर जायचो, पाऊस असो की ऊन, आणि सगळ्या गावाची सालटी काढायचो. डिसेंबरच्या सुरुवातीला ती स्वयंपाकघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात होती. मी दोनदा भेटायला गेले, तर दोन्ही वेळा ती चाकाच्या खुर्चीत बसून, ओठांना रंग लावून, खालच्या कॅफेत माझी वाट पाहत होती. खोलीत म्हणून कधी बोलावलं नाही. फोनवर विचारलं की एकच म्हणायची, “मार्चमध्ये, हिस्के. मार्चमध्ये निघू.” तिच्याशिवायचे गुरुवार मला खायला उठत होते. तो मार्च मी अक्षरशः धरून बसले होते.

तिच्या गल्लीत वळलो, तर सगळ्यात मोठा ढीग तिच्याच दारात.

तिचा सोफा. तिची गादी, मधोमध खोलगट झालेली, साऱ्या गल्लीला दिसेल अशी उभी टेकवलेली. शिवणकामाचं टेबल. एक अनोळखी बाई सोफ्याच्या उश्यांचे अभ्रे काढून आतला स्पंज दाबून पाहत होती. एक माणूस कपाटाच्या खणातली तिची मोज्यांची जोडी बाजूला टाकून खण तेवढा घेऊन चालला होता. आणि कुंपणाला टेकलेली तिची हिरवी सायकल, पुढच्या टोपलीसकट.

माणसाला असं उलटंपालटं करून रस्त्यावर ओतायचं? ती अजून जिवंत आहे, गिधाडांनो!

“हात लावू नका!” मी ओरडले. उशीवाली बाई दचकली.

आतून रूलीचा मुलगा येल्मर आला, हातांत रबरी हातमोजे. “हिस्के मावशी,” म्हणाला, आणि हातमोजे काढू लागला.

“हे काय चाललंय?”

“घर सोडतोय. महिनाअखेर किल्ल्या द्यायच्यात. आईला तिकडेच कायमची खोली मिळालीय.”

“आणि तिला पत्ता आहे का याचा? ती मार्चमध्ये घरी येणार म्हणून बसलीय!”

येल्मरनं माझ्याकडे पाहिलं नाही. डाउवेकडे पाहिलं. डाउवे दिव्याची छत्री नीट करत होता.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“मासळीच्या गाडीपाशी भेटला होता येल्मर. तेव्हा बोलला.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“हिस्के, ऐक तर—”

“नाही ऐकायचं. म्हातारीला गोड बोलून झुलवत ठेवायचं आणि मागच्या मागे तिचं घर विकून खायचं, आणि तू त्यात सामील. थू तुमच्यावर!”

“भाड्याचं घर आहे, मावशी,” येल्मर पुटपुटला. “विकतोय कुठे? तुम्ही आईलाच विचारा ना.”

“विचारतेच. आत्ता जाते.”

मी रूलीची सायकल ओढून घेतली. माझ्या सायकलवर बसून, एक हात माझ्या हँडलवर, दुसरा तिच्या, अशी निघाले. शाळेत असल्यापासून येतं हे. डाउवे मागून हाका मारत होता. मी वळून पाहिलं नाही. रिकामी सायकल शेजारून निमूट धावत होती, आणि मी मनातल्या मनात दोघांना शिव्या घालत होते. रूलीला कुणीतरी खरं सांगायला हवं होतं. ते मी सांगणार होते, आणि मग आम्ही दोघी मिळून त्या पोराला सरळ करणार होतो.

शुश्रूषागृहाच्या दारात दोन्ही सायकली लावल्या आणि कॅफेत न थांबता तडक वर गेले. दारांवरची नावं वाचत तिचं नाव गाठलं. ठोठावलं आणि आत घुसले.

रूली खिडकीशी खुर्चीत होती. ओठांना रंग नव्हता. केस मागून चपटे झाले होते. मला पाहून तिनं मांडीवरचं पांघरूण छातीपर्यंत वर ओढलं.

“फोन करून यायचं ना गं,” ती म्हणाली.

“रूली, तुझं घर रिकामं करतायत. सगळं रस्त्यावर काढलंय. तुझी सायकल घेऊन आलेय मी, खाली आहे.”

“हो. आजच काढायचं होतं.”

“म्हणजे?”

“मीच सांगितलं येल्मरला, टाकून दे म्हणून. पोरगा रडत होता. गादी तरी ठेवू म्हणे. काय करायचीय गादी?”

मी पलंगाच्या कडेला बसले. “मग मार्च?”

“मार्च तुझ्यासाठी होता, बाई.”

“मला का नाही सांगितलंस? सगळ्यांना माहीत. डाउवेला माहीत!”

“डाउवेला मीच बजावलं होतं. हिस्केला एवढ्यात बोललास तर बघ, म्हटलं. त्याच्यावर ओरडू नकोस.”

“पण का?”

तिनं पांघरुणाची किनार बोटांत धरली. “हाड जुळलं गं. बाकीचं काही ताब्यात राहिलं नाही. मला डायपर लागतो. सकाळी एक पोरगा येतो पुसायला. चांगला आहे. शिट्टी वाजवतो, म्हणजे मला लाज वाटायला नको.”

“त्यात काय एवढं?”

“काय एवढं?” ती हसली. “तुझी सासू होती तेव्हा दर गुरुवारी मला काय ऐकवायचीस? तिच्या खुर्चीचा वास, तिच्या हाताचा वास. तिच्याकडून आलीस की अंगावरचे सगळे कपडे धुवायला टाकायचीस. कोटसुद्धा. तिची नक्कल करायचीस, आणि मी हसून हसून सायकलवरून उतरायचे.”

“ती गोष्ट वेगळी होती.”

“काय वेगळी?”

ती माझ्याकडे पाहत होती, रागानं नाही, शांतपणे. ते मला जास्त लागलं.

“तुझ्या बाबतीत मला तसं वाटेल?” मी म्हटलं. “वेडी आहेस का तू?” आणि मी ते मनापासून म्हटलं होतं. खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ बसले आणि तिचा हात हातात घेतला. मग तिला सगळं सांगितलं, प्लॅस्टिकचं गवत झाडणारा, झाडावर पाय वर करणारा कुत्रा, डाउवेचा दिवा. रूली खुदखुदली. पूर्वीसारखी बोललीही, “त्या दिव्याखाली तुलाच बसवेल तो, बघ.” मला वाटलं, झालं, हे असंही जमेल. गुरुवारी इथेच येत जाऊ. मोठ्यानं हसताना तिनं खुर्चीत कूस बदलली आणि पांघरूण जरा सरकलं.

खोलीत हीटर फार तापला होता.

मी तिचा हात सोडला आणि उठले. “बाहेर किती छान हवा आहे,” मी म्हटलं. “खिडकी उघडू का जरा?”

रूलीचं हसणं थांबलं. तिनं पांघरूण पुन्हा छातीपर्यंत ओढलं.

“उघड,” म्हणाली.

खिडकीच्या खिटीला हात लावल्यावर मला कळलं मी काय विचारलं ते. मी तशीच उभी राहिले, तिच्याकडे पाठ करून. वळायचा धीर होईना, कारण माझ्या तोंडावर काय दिसतंय ते मलाच माहीत नव्हतं.