बोरमाळेला लागलेली चिंच

मी एक जुनी बोरमाळ आहे. मित्रांनो, फार जवळून पाहू नका. कोणी टक लावली की माझा जीव अजूनही खालीवर होतो.

शके १७९०च्या सुमारास कल्याणच्या एका कारागिराने मला घडवले. पितळेच्या पत्र्याचे पोकळ मणी, आत लाख आणि वरून सोन्याचा मुलामा, एवढीच माझी श्रीमंती. कोलशेतच्या मिठागरात राबणाऱ्या भिवाने मुलामा आहे हे ठाऊक असूनच मला घेतले. पण घरी त्याची बायको रखमाबाई इतकी हरखली, की "सोन्याची हाय ना?" या प्रश्नाला तो "हाय" म्हणून बसला. त्या दिवसापासून मला चैन नाही.

खाऱ्या वाऱ्याने माझ्यावर काळपट झाक चढे. दर दसऱ्याला भिवा मला रिठ्याच्या कोमट पाण्यात धुऊन मऊ फडक्याने टिपत असे. बायकोला हात लावू देत नसे. दागिने धुणारा बाप्या म्हणून शेजारी त्याची टिंगल करत. अठरा वर्षे तो ती हसण्यावारी नेत राहिला आणि मी धसकत राहिले.

मग भिवा वारला. पुढल्या वर्षी मुलीचे, शकूचे, लग्न ठरले. साखरपुड्याला मला तिच्या गळ्यात घालायचे होते, म्हणून रखमाबाईने मला प्रथमच स्वतः घासायला घेतले. देवाची भांडी घासतात तशी तिने चिंच घेतली, मूठभर मीठ घेतले. मिठागरवाल्यांच्या घरी मिठाला काय तोटा? काथ्याने तिने मला खसाखसा घासले आणि माझे पितळ अगदी शब्दशः उघडे पडले.

ती धावत ठाण्याला महिपत सोनाराकडे गेली. त्याने कसोटीच्या दगडावर माझी रेघ ओढली, तेजाबाचा थेंब टाकला. रेघ नाहीशी झाली.

"बाई, ही पहिल्यापासून पितळेचीच. हिला रिठ्याशिवाय काही लावायचं नव्हतं."

रखमाबाईने मला दगडाजवळून उचलून घेतले. "म्हंजे त्यांना ठावं होतं," ती म्हणाली. तिला रागही आला आणि रडूही आले.

"पुन्हा मुलामा चढवून देतो. साखरपुड्यात कोणी ओळखणार नाही," महिपत म्हणाला.

चढव रे बाबा, लवकर चढव, असे मला झाले होते.

"नको," रखमाबाई म्हणाली. "उद्या सासरी शकू चिंच लावील, आन् पोरीला लबाड म्हनतील."

साखरपुड्याला मी तशीच डागाळलेली ताटात पडले होते. रखमाबाईने भरल्या मांडवात सांगितले, "ही पितळेची हाय. मना परवाच कळलं. शकूच्या बापानं जपलेली, म्हनून देते."

शकूच्या होणाऱ्या सासूने, कमळाबाईने, मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले. लग्न मोडले तर ते माझ्यामुळेच मोडणार होते.

"धुवायची कशी?" तिने विचारले.

"रिठ्यानं," रखमाबाई म्हणाली. कमळाबाईने मला शकूच्या गळ्यात घातले.

मित्रांनो, दागिना कशाचा आहे ते पुढच्याला सांगून मगच त्याच्या हाती द्या. भिवाने मला जिवापाड जपले, तेवढे मात्र सांगितले नाही. सांगितले असते तरी रखमाबाईने मला त्याच हौसेने घातले असते. अठरा वर्षे मी तिच्या गळ्यात होते, मला ते ठाऊक होते. त्याला कोण सांगणार?